पीयूसीच्या कागदावरचे दोन आकडे

गाडीची पीयूसी काढली की तो कागद घडी घालून डॅशबोर्डच्या खणात जातो आणि पोलिसाने हात दाखवेपर्यंत तिथेच राहतो. त्यावर मुदतीची तारीख सोडून आणखी काही वाचण्यासारखे असते, हे फार थोडे जण लक्षात घेतात. पेट्रोल गाडीच्या कागदावर दोन मुख्य आकडे असतात. एक कार्बन मोनॉक्साइडचा, टक्क्यांत. दुसरा हायड्रोकार्बनचा, पीपीएममध्ये, म्हणजे दहा लाख भागांत किती भाग. माणसाच्या रक्ततपासणीच्या अहवालाला जी किंमत आहे, तीच जुन्या गाडीच्या बाबतीत या दोन आकड्यांना आहे. इंजिन न उघडता त्याच्या पोटात काय चालले आहे ते त्यातून कळते. वर्धा, हिंगणघाट, आर्वी, पुलगाव भागांत पंधरा-वीस वर्षांच्या मारुती ८००, ओम्नी, इंडिका, सुमो आणि बोलेरो अजून रोज राबतात. अशा गाडीच्या मालकाने तरी हे आकडे वाचायला शिकायलाच हवे, असे मला मनापासून वाटते.

एक किलो पेट्रोल पूर्ण जळायला साधारण १४.७ किलो हवा लागते. लिटरच्या भाषेत सांगायचे तर एक लिटर पेट्रोलमागे अंदाजे नऊ हजार लिटर हवा. हे प्रमाण बरोबर जुळले, ठिणगी वेळेवर पडली आणि इंजिन नीट तापलेले असले, तर सायलेन्सरमधून मुख्यतः नायट्रोजन, पाण्याची वाफ आणि कार्बन डायऑक्साइड बाहेर पडतो. हवा कमी पडली की पेट्रोलमधला कार्बन अर्धवट जळतो आणि कार्बन मोनॉक्साइड तयार होतो. त्याला रंग नाही, वास नाही. बंद गॅरेजमध्ये गाडी चालू ठेवल्याने माणसे दगावतात ती याच वायूने. हायड्रोकार्बनची गोष्ट वेगळी. ते न जळता बाहेर आलेले पेट्रोलच. विकत घेतले, टाकीत भरले आणि धुरातून फेकून दिले. कॅलिफोर्नियातले शास्त्रज्ञ आरी हागेन-स्मिट यांनी १९५०च्या दशकाच्या सुरुवातीला दाखवून दिले, की हे न जळलेले इंधन आणि नायट्रोजनची ऑक्साइडे यांच्यावर कडक ऊन पडले की ओझोन आणि डोळे चुरचुरवणारे धुरके तयार होते. ज्या जिल्ह्यात मे महिन्यात पारा ४५ अंशांच्या पुढे जातो, तिथल्या लोकांनी हे लक्षात ठेवावे.

आता मर्यादा. पुष्कळांचा समज असा, की गाडी जितकी जुनी तितकी तिला सवलत. कायदा वय बघत नाही, गाडी ‘भारत स्टेज’च्या कोणत्या उत्सर्जन मानकानुसार बनली ते बघतो. भारत स्टेज-२ पूर्वीच्या चारचाकी पेट्रोल गाडीला कार्बन मोनॉक्साइड ३ टक्के आणि हायड्रोकार्बन १५०० पीपीएमपर्यंत चालतात. भारत स्टेज-२ आणि ३च्या गाड्यांना ०.५ टक्के आणि ७५० पीपीएम. भारत स्टेज-४च्या गाडीला फक्त ०.३ टक्के आणि २०० पीपीएम; शिवाय तिची चाचणी २५०० आरपीएमच्या आसपास रेस देऊनही होते. तिथे कार्बन मोनॉक्साइड ०.२ टक्क्यांच्या आत लागतो आणि हवा-पेट्रोलच्या प्रमाणाचा लॅम्डा हा आकडा ०.९७ ते १.०३ यांच्या दरम्यान असावा लागतो.

इथे वर्ध्याच्या माणसाने सावध राहण्याजोगी एक गोष्ट आहे. भारत स्टेज-४ देशभर एकाच दिवशी आले नाही. २०१० साली ते १३ शहरांत लागू झाले. त्यांत महाराष्ट्रातली मुंबई, पुणे आणि सोलापूर होती, नागपूर-वर्धा नव्हते. आपल्याकडे ते बंधनकारक झाले १ एप्रिल २०१७ पासून. मधल्या सात वर्षांत एकाच मॉडेलची एक गाडी पुण्यात भारत स्टेज-४ म्हणून, तर दुसरी वर्ध्यात भारत स्टेज-३ म्हणून नोंदली गेलेली असू शकते. पुण्याच्या एमएच-१२ पाटीची २०१३ची गाडी स्वस्तात मिळाली म्हणून कोणी वर्ध्यात आणली, तर ती पीयूसी केंद्रावर ०.३ आणि २००च्या कसोटीला लागेल. शेजारच्याची त्याच वर्षाची वर्ध्याची एमएच-३२ मात्र ०.५ आणि ७५०वर सुटेल. मुदतीतही फरक आहे: भारत स्टेज-४ आणि पुढच्या गाडीची पीयूसी वर्षभर चालते, त्याआधीच्या गाडीची सहा महिने. जुनी गाडी घेताना टायर आणि पत्रा बघतो, तसे आरसीवर किंवा परिवहन विभागाच्या ॲपवर तिचे मानकही बघून घ्यावे.

गाडी नापास झाली की आधी कोणता आकडा वर गेला ते पाहायचे. कार्बन मोनॉक्साइड जास्त आणि हायड्रोकार्बन ठीक, तर मिश्रणात पेट्रोल जास्त पडते आहे. उलट हायड्रोकार्बन भरमसाट आणि कार्बन मोनॉक्साइड आटोक्यात, तर पेट्रोल पेटतच नाही: गाडी ‘मिसिंग मारते’ आहे. दोन्ही वर असतील, तर पेट्रोल इतके जादा आहे की ठिणगीला ते झेपत नाही, किंवा कॅटॅलिटिक कन्व्हर्टर (त्याविषयी पुढे) संपला आहे. एवढे कळले की गॅरेजमध्ये ‘सगळं एकदा बघून घ्या’ असे सांगून खिसा मोकळा करावा लागत नाही.

कार्ब्युरेटरच्या गाडीत पेट्रोल जास्त पडण्याची पहिली जागा म्हणजे एअर फिल्टर. कापसाच्या हंगामात जिनिंगच्या आसपासची रुईची धूळ आणि उन्हाळ्यात काळ्या मातीची भुकटी, या दोहोंनी फिल्टर कंपनीच्या पुस्तकात लिहिलेल्या मुदतीच्या पुष्कळ आधी भरतो. हवा अडली की कार्ब्युरेटर तेवढेच जादा पेट्रोल ओढतो. दुसरी जागा चोक. केबल अडकून चोक अर्धा ओढलेला राहिला तर गाडी चालते, पण काळे धुराडे होते. तिसरी, फ्लोटची सुई. ती झिजली की कार्ब्युरेटरच्या कटोरीतली पेट्रोलची पातळी वाढते आणि जेट नको तेव्हा पाझरतो.

चौथे कारण खास आपल्या हवेचे. जानेवारीच्या पहाटे १० अंशांवर असलेली हवा मे महिन्यात ४५ अंशांवर गेली की साधारण ११ टक्के विरळ होते. कार्ब्युरेटरला हे कळत नाही. तो हवेच्या आकारमानावर चालतो, वजनावर नाही. त्यामुळे मिश्रण आपोआप पाच-सहा टक्के पेट्रोलकडे झुकते. थंडीत सेट केलेली गाडी उन्हाळ्यात काठावर नापास होते ती अशी. त्यात भर दुपारी रांगेत इंजिन चालू ठेवून उभे राहिले, तर बॉनेटखालच्या उष्णतेने कटोरीतले पेट्रोल उकळून आत सांडते, तेही आकड्यात दिसते. जुनी गाडी उन्हाळ्यात तपासायची तर सकाळी न्यावी.

आजच्या पेट्रोलमध्ये २० टक्क्यांपर्यंत इथेनॉल असते. इथेनॉलमध्ये स्वतःचा ऑक्सिजन असल्याने कार्ब्युरेटरचे मिश्रण उलट थोडे पातळ होते आणि कार्बन मोनॉक्साइड घटतो. पण इथेनॉल वर्षानुवर्षे टाकीत साचलेला गाळ सोडवून जेटपर्यंत आणते आणि जुन्या रबरी नळ्या व वॉशर फुगवते. जेट अर्धवट चोंदला की मिश्रण फार पातळ होऊन गाडी मिसिंग मारते आणि हायड्रोकार्बन वाढतात. म्हणून अशा गाडीचा पेट्रोल फिल्टर आणि नळ्या वेळेआधी बदलणे शहाणपणाचे.

२०००च्या सुमारास आणि नंतर आलेल्या एमपीएफआय गाड्यांत हवा मोजून पेट्रोल सोडण्याचे काम संगणक करतो. तिथे फिल्टर थोडा भरला म्हणून कार्बन मोनॉक्साइड फारसा वाढत नाही. संगणक तेवढे पेट्रोल कमी करतो. तिथली दुखणी वेगळी: झिजलेला ऑक्सिजन सेन्सर, गळका इंजेक्टर, आणि आपल्याकडे सर्वांत दुर्लक्षित असलेला थर्मोस्टॅट.

थर्मोस्टॅटबद्दल जरा सविस्तर लिहितो, कारण विदर्भात तो काढून टाकण्याची रीत आहे. इंजिनचे पाणी ८० ते ९० अंशांच्या दरम्यान पोहोचेपर्यंत त्याला रेडिएटरकडे जाऊ न देणारी ही छोटी झडप. ‘इथल्या उन्हात याचे काय काम, उलट गाडी गरम करते’ असे म्हणून मिस्त्री ती काढतो आणि मालकाला बरे वाटते. परिणाम काय होतो? थंडीत, पावसाळ्यात किंवा मोकळ्या हमरस्त्यावर इंजिनचे पाणी पुरेसे तापतच नाही. पाण्याचा सेन्सर संगणकाला सांगतो की इंजिन अजून थंड आहे, आणि संगणक सकाळी गाडी सुरू करताना देतो तसे जादा पेट्रोल देत राहतो. कार्बन मोनॉक्साइड वाढतो, ॲव्हरेज पडते, आणि न जळलेले पेट्रोल सिलिंडरच्या भिंतीवरचे ऑइल धुऊन काढते, त्यामुळे रिंगाही लवकर झिजतात. हीच गाडी मे महिन्यात पास आणि डिसेंबरात नापास होऊ शकते, आणि मालक पीयूसीच्या यंत्राला दोष देत बसतो.

मुळात गाडी गरम का होत होती, हा प्रश्न विचारलाच जात नाही. बहुतेक वेळा उत्तर रेडिएटरमध्ये असते. त्यात कूलंटऐवजी वर्षानुवर्षे बोअरचे क्षारयुक्त पाणी भरलेले असते. भांड्यात धरते तशी पांढरी खरपुडी रेडिएटरच्या बारीक नळ्यांत धरते आणि पाणी थंड होण्याची वाट बंद होते. कधी पंखा वेळेवर सुरू होत नाही, कधी रेडिएटरच्या टोपणाचे रबर गेलेले असते. रेडिएटर साफ करून घ्यावा, कूलंट शुद्ध केलेल्या पाण्यातच मिसळावे, टोपण आणि पंखा तपासावा आणि थर्मोस्टॅट पुन्हा बसवावा. तो काही शे रुपयांचा भाग आहे. बोअरच्या पाण्यापासून सायलेन्सरच्या धुरापर्यंत असा सरळ धागा आहे, आणि पीयूसीवरचा एक आकडा नीट वाचला तर तो हाती लागतो.

हायड्रोकार्बनचा आकडा वर असेल तर आधी स्पार्क प्लग काढून पाहावेत. टोक बिस्किटी रंगाचे असेल तर उत्तम. कोरडी काजळी असेल तर पेट्रोल जास्त, ओलसर तेलकट काळे असेल तर इंजिन ऑइल खाते आहे. प्लग जुने असतील तर बदलावेत, त्यांच्या वायरी अंधारात तपासाव्यात. तडकलेल्या वायरीवरून उडणारी ठिणगी अंधारात स्पष्ट दिसते. जुन्या डिस्ट्रिब्युटरच्या गाडीत पिकअपसाठी टायमिंग पुढे नेण्याची सवय मिस्त्रींना असते. पुढे नेलेले टायमिंग आयडलिंगला हायड्रोकार्बन वाढवते, म्हणून ते कंपनीने दिलेल्या अंशांवरच हवे. टॅपेटची फट फार कमी ठेवली तर व्हॉल्व्ह पूर्ण बसत नाही आणि न जळलेले पेट्रोल निसटते. आणि एक साधी गोष्ट: इंजिन ऑइल जुने झाले असेल तर चाचणीपूर्वी बदलावे. जुन्या ऑइलमध्ये पेट्रोल मुरलेले असते, इंजिन तापले की त्याची वाफ पुन्हा सिलिंडरमध्ये ओढली जाते.

दुचाकींच्या मर्यादा पाहिल्या की इंजिनच्या रचनेचा परिणाम कळतो. एप्रिल २०००पूर्वीच्या स्कूटरला हायड्रोकार्बनची मर्यादा ९००० पीपीएम आहे, त्याच काळातल्या मोटारीच्या सहापट! जुन्या बजाज चेतकसारख्या टू-स्ट्रोक इंजिनात जळलेला धूर बाहेर ढकलायचे काम ताजे मिश्रणच करते आणि त्यातले बरेच धुराबरोबर निसटून जाते. कितीही ट्युनिंग केले तरी हे थांबत नाही. वर्धेकरांचे या स्कूटरशी नाते जवळचे. बजाज ऑटोचा जन्म १९४५ साली बच्छराज ट्रेडिंग कॉर्पोरेशन या नावाने झाला, आणि बच्छराज हे जमनालाल बजाजांना नातू म्हणून दत्तक घेणारे वर्ध्याचे शेठ.

कॅटॅलिटिक कन्व्हर्टर म्हणजे सायलेन्सरच्या आधी बसवलेला, मधमाश्यांच्या पोळ्यासारख्या छिद्रांचा चिनी मातीचा ठोकळा. त्यावर प्लॅटिनम, पॅलेडियम, ऱ्होडियम यांचा अत्यंत पातळ थर असतो. उरलेला कार्बन मोनॉक्साइड आणि हायड्रोकार्बन तो जाळून टाकतो, पण २५०-३०० अंशांवर तापल्यानंतरच. थंड गाडी घरातून थेट केंद्रावर नेली तर चांगला कन्व्हर्टरही काम करत नाही. मिसिंग मारणारी गाडी तशीच चालवली तर न जळलेले पेट्रोल त्यात जाऊन पेटते आणि ठोकळा वितळतो. ऑइल खाणाऱ्या इंजिनात त्यावर राखेचा थर चढतो. म्हणून आधी इंजिन दुरुस्त करावे, कन्व्हर्टर नंतर. काही गाड्यांमधून आतला ठोकळा काढून नुसती नळी जोडलेली असते. भारत स्टेज-४ची अशी गाडी २०० पीपीएमच्या आत आणणे जवळपास अशक्य.

सायलेन्सरच्या सांध्याला भोक पडले असेल तर धूर बाहेर येतो एवढेच नुकसान नसते. धुराच्या धक्क्यांच्या मधल्या क्षणी तिथून बाहेरची हवा आत ओढली जाते. ते भोक ऑक्सिजन सेन्सरच्या आधी असेल तर सेन्सर फसतो, त्याला मिश्रण पातळ वाटते आणि संगणक पेट्रोल वाढवतो. सेन्सरच्या पुढे असेल तर पीयूसीच्या यंत्रावर लॅम्डा बिघडतो.

डिझेल गाडीचे मोजमाप निराळे. तिथे धुराची दाटी मोजतात. इंजिन एकदम पूर्ण रेस करून सोडायचे, असे अनेकदा, आणि आकड्यांची सरासरी काढायची. भारत स्टेज-४पूर्वीच्या गाडीला मर्यादा आहे २.४५ प्रतिमीटर किंवा ६५ हार्ट्रिज एकक. ६५ हार्ट्रिज म्हणजे ४३ सेंटिमीटर लांबीच्या धुराच्या नळीतून जाणारा ६५ टक्के प्रकाश अडणे. भारत स्टेज-४ला ही मर्यादा १.६२, म्हणजे ५० हार्ट्रिज. काळा धूर म्हणजे डिझेलच्या थेंबांना हवा पुरली नाही. कारणे ठरलेली: भरलेला फिल्टर, फवारा मारण्याऐवजी थेंब गाळणारे नोझल, आणि चढावर ओढ मिळावी म्हणून स्क्रू फिरवून ‘वाढवलेला’ पंप. शेवटचे काम काळी-पिवळीच्या आणि मालवाहू गाड्यांवर सर्रास होते. नोझल दाबयंत्रावर तपासून घेतले आणि पंप कंपनीच्या मापावर कॅलिब्रेट केला, की धूर उतरतोच, शिवाय डिझेलही वाचते.

या चाचणीत इंजिन शेवटच्या आरपीएमपर्यंत जाते, म्हणून आधी ऑइलची पातळी आणि टायमिंग बेल्टचे वय तपासणे अत्यंत गरजेचे. वेळ उलटलेला बेल्ट इथे तुटला तर व्हॉल्व्ह वाकतात. गावातल्या गावात चालणाऱ्या डिझेल गाडीच्या सायलेन्सरमध्ये काजळी साचते आणि पहिल्या रेसला ती एकदम बाहेर येते. आदल्या दिवशी मोकळ्या रस्त्यावर चांगली धाव दिली तर ती आधीच निघून जाते.

चाचणीच्या दिवशी वर्ध्याहून पवनारच्या धाम नदीच्या पुलापर्यंत जाऊन परत यावे. एवढ्या अंतरात पाणी, ऑइल आणि कन्व्हर्टर तिन्ही तापतात. केंद्रावर एसी आणि दिवे बंद ठेवावेत, चोक आत असल्याची खात्री करावी. यंत्राची नळी सायलेन्सरमध्ये किमान ३० सेंटिमीटर आत गेली पाहिजे. ती नुसती टोकाला टेकवली तर बाहेरची हवा मिसळून आकडा खोटा कमी येतो. मालकाला त्या दिवशी ते सोयीचे वाटेल, पण त्याचे इंजिन कसे आहे हे त्याला कळलेले नसते. महाराष्ट्रात २०२२ पासून पेट्रोल मोटारीचे शुल्क १२५ रुपये आणि डिझेलचे १५० रुपये आहे. इतक्या पैशांत अन्य कुठलीही तपासणी इंजिनबद्दल एवढे सांगत नाही. म्हणूनच गाडी न नेता पीयूसी ‘काढून घेणाऱ्या’ माणसाचे मला वाईट वाटते. कायद्याचे म्हणाल, तर २०१९च्या दुरुस्तीनंतर पीयूसी नसल्यास १० हजार रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो.

नापास होण्याची भीती बाळगण्याचेही कारण नाही. २०२१ पासून देशभर पीयूसीचा एकसारखा नमुना आला, तेव्हा नापास गाडीला नकाराची पावती देण्याची तरतूद झाली. त्या पावतीवर कोणता आकडा किती होता ते छापलेले असते. ती हट्टाने मागून घ्यावी आणि थेट मिस्त्रीच्या हातात द्यावी. दुरुस्तीनंतर दुसऱ्या केंद्रावरही पुन्हा चाचणी करता येते. काही मिस्त्री चाचणीपुरता मिश्रणाचा स्क्रू आवळून देतात आणि नंतर सैल करतात. तसे करू देऊ नये, पुढच्या सहा महिन्यांत तेच दुखणे वाढून समोर येते.

आणखी एक गैरसमज. दहा वर्षांचे डिझेल आणि पंधरा वर्षांचे पेट्रोल वाहन बाद, हा नियम दिल्ली आणि तिच्या परिसरासाठीच्या आदेशांतून आला. तो वर्ध्याला लागू नाही. इथे पंधरा वर्षांनंतर आरटीओत गाडी दाखवून नोंदणीचे पाच वर्षांसाठी नूतनीकरण होते आणि पर्यावरण कर भरावा लागतो. गाडी धडधाकट असेल तर ती चालवायला कायदा आडवा येत नाही.

प्रश्न येतो तो इंजिन खरेच थकले असेल तेव्हा. सायलेन्सरमधून निळसर धूर येत असेल आणि दर हजार किलोमीटरला ऑइल भरावे लागत असेल, तर ट्युनिंगवर पैसे घालण्याआधी कॉम्प्रेशन तपासून घ्यावे. ज्या सिलिंडरचा दाब कमी आहे त्यात चमचाभर ऑइल टाकून पुन्हा मोजावे. दाब वाढला तर रिंगा गेल्या आहेत आणि इंजिन उतरवावे लागेल. नाही वाढला तर दोष बहुधा व्हॉल्व्हमध्ये आहे, आणि ते काम फक्त हेड उतरवून, बऱ्याच कमी खर्चात होते. रिंगा-पिस्टन आणि बोअरिंगचा खर्च गाडीच्या बाजारभावाच्या जवळ जात असेल, तर मान्यताप्राप्त भंगार केंद्राचा विचार करावा. तिथे गाडी दिल्यावर ठेवीचे प्रमाणपत्र मिळते. त्यावर नव्या खाजगी गाडीच्या मोटार वाहन करात २५ टक्क्यांपर्यंत सवलत देण्याची मुभा केंद्राच्या २०२१च्या नियमांनी राज्यांना दिली आहे. साध्या भंगारवाल्याला गाडी विकली तर हे प्रमाणपत्र मिळत नाही, आणि आरटीओत नोंदणी रद्द करून घेईपर्यंत गाडी कागदोपत्री तुमच्याच नावावर राहते.